नववी मात्रा

शांतम्माबाईंनी पुढे वाकून पेटीच्या भात्यावर हात ठेवला, तसा सूर मधेच बसला. अक्षराची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. तबल्यावरच्या सिद्धरामने सवयीने आणखी दोन बोल वाजवले आणि मग त्यानेही हात मांडीवर घेतले.

"परत तिथंच," बाई म्हणाल्या. "नवव्या मात्रेला."

भिंतीला टेकून बसलेल्या राघवेंद्रने मान वर केली. समोर कॅलेंडर होतं. एप्रिलच्या पानावर कुणीतरी गॅसची टाकी लावल्याची तारीख खूण करून ठेवली होती. पाऊण तास तो त्या तारखेकडे बघत होता, आणि आता कुणी ती विचारली असती तर त्याला सांगता आली नसती.

"सर, जरा इकडं या. अक्षरा, जा, पाणी पिऊन ये."

तो पेटीजवळ येऊन बसला. शांतम्माबाई उदगीरकडच्या. अहमदपुरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती, पण बोलण्यातला कानडी हेल काही गेला नव्हता. उजवा हात डाव्या तळव्यावर मारत त्यांनी त्याला समजावून सांगितलं, चौथीतल्या पोराला सांगावं तसं.

"तीनताल म्हणजे सोळा मात्रा. पहिलीला टाळी, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी. नववीला टाळी न्हाई. तिथं हात असा उघडा सोडायचा. त्याला खाली म्हणायचं. हे शिकवलंय मी तुम्हाला."

"हो."

"हिची गत, म्हणजे ही वाजवते ती बंदिश, त्या नवव्या मात्रेपासूनच उठते. आता काय होतंय, सिद्धरामचा तबला नवव्याला पोचतो आणि पुढं जातो. ही मात्र थांबते. अर्धी मात्रा, कधी पाऊण. मग धावत जाऊन गाठते. परीक्षक म्हणणार, हिला लय न्हाई. अय्यो, लय न्हाई असं कसं? सुरात पक्की, बोटं मऊ, सगळं हाय. ही एकच खोड."

"आधी नव्हती का ही खोड?"

"असंल. एकटी वाजवताना कळत न्हाई. तबल्यासोबत बसवलं आणि उघडं पडलं." बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "घरी ताल कोण धरतं?"

"मीच."

"मग तुम्ही थांबता."

सिद्धरामने मान खाली घालून हसू दाबलं. राघवेंद्र बावीस वर्षं हायस्कूलात गणित शिकवत होता. गणिताच्या मास्तरला सोळापर्यंत धड मोजता येत नाही, हे त्याच्या बायकोला, विनीताला, कळलं असतं तर तिने गल्लीभर सांगितलं असतं आणि पुढचं वर्षभर वाढताना "किती वाढू? मोजता येतं ना?" असं विचारलं असतं. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, थांबा नसलेल्या गावातून एसटी जावी तसं.

"असेल," तो म्हणाला.

हल्ली तो सगळ्यालाच 'असेल' म्हणायचा. सप्टेंबरात विनीताला ताप आला. तीन दिवस अहमदपुरात, दोन दिवस नांदेडला, आणि पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर येऊन रक्तातल्या पेशींबद्दल बराच वेळ काही सांगत राहिले, तेव्हाही तो 'असेल' एवढंच म्हणाला होता. मग त्याने कागदांवर सह्या केल्या, पाहुण्यांना फोन लावले, दिवस केले आणि पंधराव्या दिवशी नववी 'ब'वर जाऊन त्रिकोणाचे गुणधर्म शिकवले. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. तो खंबीर वगैरे काही नव्हता. दात काढायच्या आधी सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. त्याला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

शांतम्माबाईंच्या क्लासचा एक नियम होता. पेटी पोरांनी शिकायची आणि ताल घरच्यांनी. शिकवणीला घरचं एक माणूस सोबत बसलंच पाहिजे, आणि संध्याकाळी रियाजाच्या वेळी त्यानेच ताल धरला पाहिजे. फोनवरच्या तबल्याचं बाईंना वावडं होतं. "मशीन पोराकडं बघत न्हाई," असं त्या म्हणायच्या. विनीता चार वर्षं त्या भिंतीशी बसली. राघवेंद्रला संध्याकाळी दहावीचे जादा तास असायचे. तो साडेसातला घरी यायचा तेव्हा पेटीवर खोळ चढलेली असायची आणि ताटं वाढलेली असायची. मुलगी पेटी शिकते, एवढंच त्याला माहीत होतं.

गेल्या ऑगस्टात विनीताने परीक्षेचा फॉर्म भरला होता. हिवाळ्यात ती परीक्षा आली आणि गेली, घरात कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. फेब्रुवारीत एकदा जेवताना अक्षरा म्हणाली, "बाबा, मी उन्हाळी परीक्षेला बसते." सप्टेंबरापासून तिने मागितलेली ती पहिली गोष्ट होती. त्याने जादा तास दुसऱ्या सरांकडे दिले आणि बुधवार-रविवार भिंतीशी येऊन बसू लागला. तिथे चुन्यावर डोक्याच्या तेलाचा एक पुसट डाग होता. तो डाग सोडून तो थोडा बाजूला टेकायचा.

परीक्षेला तेरा दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी त्याने फोन पेटीशेजारी ठेवला आणि सोळा-सोळा मात्रांची वीस आवर्तनं भरून घेतली. नंतर कागद-पेन घेऊन ती ऐकली. त्याच्या टाळ्या जिथल्या तिथे होत्या. एकही मात्रा इकडची तिकडे नव्हती. पण आठवी मात्रा झाली की पेटी गप्प व्हायची, नुसत्या भात्याचा श्वास ऐकू यायचा आणि मग गत उठायची. वीस आवर्तनांत वीस वेळा.

"अक्षरा, तू नवव्याला थांबतेस."

"मी? नाही तर."

त्याने तिला ऐकवलं. ती मान कलती करून ऐकत राहिली. आठवीची परीक्षा नुकतीच दिलेली पोर, पण ऐकताना कपाळाला विनीतासारखी आठी पडायची.

"खरंच की," ती म्हणाली. "मला कळतच नाही बाबा. मला वाटतं, तिथं थोडी जागा आहे."

"जागा नाही. आठानंतर नऊ."

"हाव."

तिने पुन्हा भाता धरला आणि आठ झाल्यावर पुन्हा थांबली.

घरी स्वयंपाकाला धुरपताबाई यायच्या. चारच्या सुमाराला येऊन भाजी-भाकरी करून पाचला त्या निघून जायच्या, त्यामुळे रियाजाच्या वेळी स्वयंपाकघर बंद असायचं. दोन दिवसांनी निघताना त्या दारात थांबल्या.

"सर, उद्या म्या येणार न्हाई. किल्लारीला जायचंय, नातीचं बारसं हाय. जवारीचं पीठ डब्यात हाय बघा."

"बरं."

"येती का भाकरी थापायला?"

"येईल."

"येईल म्हणं! ते गणित न्हाई, सर. गुमान खिचडी टाका."

त्याने खिचडीच टाकली असती. पण दुसऱ्या दिवशी अक्षरानेच तोंड वाकडं केलं. "खिचडी नको बाबा. मागच्या खेपेला तीन दिवस खिचडीच होती. तुम्ही भाकरी करा, तोवर मी वाजवते."

म्हणून सहाला त्याने गॅस पेटवून तवा ठेवला, परातीत पीठ घेतलं आणि गरम पाण्याने मळलं. पहिली भाकरी उचलताना मोडली. दुसरीने परातीचा तळ सोडलाच नाही. तिसरी कशीबशी तव्यावर पडली, वरून पाणी फिरवायचं असतं हे त्याला उशिरा आठवलं. बाहेरच्या खोलीत अक्षराने गत धरली होती. तो चौथी थापायला लागला. दहा आठवडे ताल धरून धरून हाताला तेवढं वळण लागलं होतं. पहिल्या मात्रेला थाप जोरात पडत होती, पाचव्याला पडत होती, मधल्या हलक्या. त्याचं त्याकडे लक्ष नव्हतं. तव्यावरून धूर यायला लागला म्हणून त्याने परातीतला हात काढला, उलथनं घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पेटी थांबली होती. नववी मात्रा, त्याने मनात म्हटलं. आहेच.

त्याने उलथनं ओट्यावर ठेवलं. खट्ट वाजलं, आणि गत उठली.

तो परत थापायला लागला. पाचवी, सहावी, सातवी, आठवी. टाळी नसलेल्या मात्रेला हात मोकळा होता, म्हणून त्याने तेवढ्यात भाकरी तव्यावर फिरवून घेतली आणि उलथनं ठेवलं. खट्ट. गत उठली.

राघवेंद्र ओट्यापाशी तसाच उभा राहिला. मग त्याने परातीच्या कडेवर तळहाताने नीट मोजून थापा दिल्या, आठपर्यंत आला, उलथनं उचललं, भाकरी उलटली आणि उलथनं हातातच धरून ठेवलं.

बाहेर पेटी गप्प झाली. भाता हलत होता, तेवढा श्वास येत होता. तो मनात मोजत गेला. अकरापर्यंत मोजलं. आपण आता मोजू नये असं त्याला वाटलं, तरी आणखी दोन मोजले. मुलीने विचारलं नाही, हाक मारली नाही, बोट हलवलं नाही.

त्याने उलथनं ओट्यावर ठेवलं. खट्ट, आणि त्याच क्षणी गत उठली.

चार वर्षं रोज संध्याकाळी सहाला इथे भाकऱ्या होत होत्या. परातीतल्या थापेनेच ताल धरायचा, आणि टाळी नसलेल्या मात्रेला हात रिकामा सापडतो म्हणून तेवढ्यात तव्यावरचं बघायचं, पाणी फिरवायचं, उलटायचं, फुगत आली तर जाळावर धरायची. एका मात्रेत ते काम होत नाही, म्हणून पोरीने थांबायचं. उलथनं वाजलं की निघायचं. कुणी कुणाला सांगितलं नसणार. विनीताने शिकवलं नसणार आणि अक्षरा शिकली नसणार. आणि सप्टेंबरापासून ही पोर रोज आठ मात्रांनंतर त्या आवाजाची वाट बघत होती, तो येत नाही म्हटल्यावर एकटीच पुढे जात होती, आणि हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"बाबा, काही करपतंय का?" बाहेरून आवाज आला.

"नाही," तो म्हणाला. भाकरीचा कोळसा होत आला होता.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आल्या, तेव्हा त्याने सांगितलं, "संध्याकाळच्या भाकरी राहू द्या. मी करीन."

"का? मीठ जास्त पडलं का माझं?"

"नाही, नाही. असंच."

"गाईला टाकलेल्या भाकरी बघितल्या म्या," बाई म्हणाल्या. "गाय बी हुंगून म्होरं गेली." पण त्याचा चेहरा बघून त्या भाजी निवडायला बसल्या.

मधले तीन दिवस तो पेपर तपासणी अर्धी सोडून साडेपाचला घरी आला. सहा कधी वाजतात याची तो वाट बघत होता. सात-आठ महिन्यांत त्याला कशाचीच वाट बघावीशी वाटली नव्हती, म्हणून ही गोष्ट त्याला जरा अवघडच गेली. बरेच दिवस न वापरलेल्या खोलीचा दिवा लावल्यासारखं वाटलं. बाहेर पेटी, आत परात. आठ झाले की दोघं थांबायचे, भाकरी उलटायची, उलथनं वाजायचं आणि गत उठायची. त्याने अक्षराला काही सांगितलं नाही. भाकरीही आता थोड्या गोल यायला लागल्या होत्या.

रविवारी शांतम्माबाईंनी चार आवर्तनं ऐकली आणि भात्यावर हात ठेवला.

"वाढलंय की हो हे! आता पुरती दीड मात्रा थांबते. सर, घरी काय करून राहिलात तुम्ही?"

राघवेंद्रची नजर भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे गेली. बाईंना सांगता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं असतं, डोळ्याला पदरही लावला असता. पण लातूरला बसणारा परीक्षक अनोळखी, त्याला कोण सांगणार होतं?

"चुकलं," तो म्हणाला.

"सहा दिवस हायत. पोरीनं स्वतःहून नाव दिलंय. जमत नसंल तर आत्ता सांगा, पुढच्या खेपेला बसवू."

परत येताना अक्षरा वही छातीशी धरून त्याच्या अर्धं पाऊल मागे चालत होती. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर उसाच्या रसाच्या गाड्याचे घुंगरू वाजत होते. एरवी ती तिथे रेंगाळायची. आज ती तशीच पुढे आली.

"बाबा, मी नापास होईन का?"

"का होशील?"

"आईनं भरलेला फॉर्म वाया गेला ना तेव्हा." ती खाली बघूनच बोलली. "हा नको जायला."

तिला बरोबर घ्यायला त्याने पाऊल आखूड केलं.

"नाही जाणार," तो म्हणाला.

सोमवारी त्याने उलथनं फडताळात टाकलं आणि धुरपताबाईंना पुन्हा भाकरी करायला सांगितल्या. "दमलात व्हय एवढ्यात?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण खूश झाल्या. सहाला तो अक्षराच्या समोर मांडी घालून बसला. आठवी मात्रा आली की त्याचं बोट तिच्या मनगटाला हलकेच टेकायचं आणि तो म्हणायचा, "चल."

ती थांबायची. तो पुन्हा एकपासून सुरू करायचा. चल. पुन्हा एकपासून. चल.

कारण सांगितलं असतं तर कदाचित लवकर झालं असतं. किंवा कधीच झालं नसतं. आपण कशासाठी थांबतो हे कळलं असतं तर या पोरीने ते सोडलं नसतं, निदान तो तिच्या जागी असता तर त्याने सोडलं नसतं. म्हणून तो फक्त 'चल' म्हणत राहिला. तास संपल्यावर फळा पुसावा तसं तो ते पुसत होता, आणि फळ्यावर अक्षर विनीताचं होतं. हे त्याला कळत होतं. दुखायला हवं होतं तेवढं दुखत नव्हतं, गालातली सुई अजून उतरली नव्हती.

बुधवारी वीसपैकी अकरा. गुरुवारी चार. शुक्रवारी त्याने फोन लावून भरून घेतलं, दोनदा ऐकलं आणि कागदावर शून्य लिहिलं. मग त्या शून्याभोवती, उत्तराला करतात तशी, चौकट केली.

शनिवारी सकाळच्या एसटीने ते लातूरला निघाले. पेटी त्याच्या मांडीवर होती. चाकूर मागे पडेपर्यंत ऊन खिडकीतून आत आलं होतं. अक्षरा डोळे मिटून मांडीवर बोटं चालवत होती. तो बघत होता. बोटं कुठेच अडत नव्हती.

परीक्षा एका शाळेत होती. व्हरांड्यात पालकांची रांग बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाचा हात गुडघ्यावर पडत होता. एक बाई पर्सवर झपताल मोजत होत्या. जळकोटहून आलेला धोतरातला एक माणूस बोटांच्या पेरांवर मोजत होता आणि चुकला की टोपी सारखी करून परत पहिल्या पेरावर यायचा. राघवेंद्र खिडकीच्या जाळीशेजारी त्याच्याजवळ बसला. आत सिद्धराम तबला जुळवत होता. अक्षराने परीक्षकांना नमस्कार केला आणि भाता सोडला.

राग भूप होता. आधी तिने नुसते सूर घेतले, मग तबला सुरू झाला. राघवेंद्रचा हात आपोआप गुडघ्यावर पडला. एक. पाच. सहा, सात, आठ. हात उघडा झाला, आणि तबला आणि पेटी एकदमच पुढे निघून गेले.

मधे कुठे फट नव्हती. दुसऱ्या आवर्तनातही नव्हती. तिसऱ्यातही नव्हती. तिने तिथे श्वाससुद्धा घेतला नाही.

आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. विनीता सप्टेंबरात गेली असं सगळे म्हणत होते. त्यानेही तसं लिहून दिलं होतं, खाली सही केली होती. आता लातुरातल्या या व्हरांड्यात, आठव्या आणि नवव्या मात्रेच्या मधून ती गेली, आणि या वेळी तो बघत होता. त्याचा उघडा हात गुडघ्यावर तसाच राहिला. तेराव्या मात्रेला टाळी द्यायची त्याला आठवली नाही.

"चांगली वाजवून राहिली की पोरगी," शेजारचा माणूस हळूच म्हणाला. "तुमचीच का?"

"हो."

"मग रडता कशापायी, गुरुजी?"

राघवेंद्रने चेहऱ्याला हात लावून बघितला. हात ओला झाला.

बाहेर आल्यावर सिद्धराम म्हणाला, "एक नंबर, सर. कुठंच अडली नाही." तो नांदेडच्या गाडीकडे पळाला, आणि हे दोघं रसवंतीत बसून उसाचा रस प्यायले. परतीच्या एसटीत पेटी पुन्हा त्याच्या मांडीवर होती.

"बाबा, थांबले का मी?"

"नाही."

"एकदापण?"

"एकदापण नाही."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. नांगरून ठेवलेली काळी रानं मागे जात होती.

"ती जागाच गेली," ती म्हणाली. "मला वाटायची ना, ती. आज तिथं काहीच नव्हतं." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "बरंच झालं ना?"

"हो," तो म्हणाला.

घरी पोचायला साडेपाच झाले. धुरपताबाईंना त्याने सुट्टी दिली होती. हात-पाय धुऊन त्याने परात काढली, पाणी तापत ठेवलं, फडताळातून उलथनं शोधून काढलं.

"अक्षरा, थोडं वाजव."

"आज? परीक्षा झाली की."

"वाजव थोडं."

तिने कंटाळत खोळ काढली. तो थापायला लागला. भाकरी तव्यावर पडली, त्याने पाणी फिरवलं, दुसरी थापायला घेतली. पहिली मात्रा, पाचवी, आठवी. त्याने परातीतला हात काढून उलथनं उचललं. पेटी पुढे निघून गेली होती. तो उलथनं घेऊन तसाच उभा राहिला. पुढच्या आवर्तनात त्याने घाई करून बघितली, तरी तो मागेच पडला.

त्याने गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातांनी दारात येऊन उभा राहिला.

"काय चुकलं?" अक्षराने वाजवणं थांबवून विचारलं.

"काही नाही. बरोबर आहे. बाईंकडे असंच वाजवायचं, परीक्षेतही असंच." त्याने उलथनं या हातातून त्या हातात घेतलं. "घरी थांबत जा."

"कुठं?"

"नवव्याला. भाकरी उलटून होईपर्यंत."

अक्षराने त्याच्याकडे बघितलं. पिठाने भरलेले हात, शर्टाला लागलेलं पीठ, मग हातातलं उलथनं. ती उलथन्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळाला आठी पडली आणि हळूहळू गेली. तिने पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीत घेतले, पुन्हा ठेवले.

"आई जोरात ठेवायची," ती म्हणाली.

तो आत आला. गॅस मोठा केला. परातीत पहिली थाप दिली, तशी बाहेर पेटी सुरू झाली. पाचवीला थाप पडली. सहा, सात, आठ. पेटी थांबली. नुसता भात्याचा श्वास येत राहिला. त्याने सावकाश भाकरी उलटली, कडा दाबून घेतल्या, आणि उलथनं ओट्यावर ठेवलं, जोरात.